जावळाचा केस

केस तुटला तेव्हा आवाज झाला नाही. होणारच नव्हता, इतका तो बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोरीसारखा जाड दिसायचा, तपकिरी, काचेच्या नळीच्या टोकातून बाहेर काढून मेणानं घट्ट बसवलेला एवढासा वेढा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर मात्र काहीच नाही, नळीच्या टोकाशी हवा जरा थरथरल्यासारखी. सायोकोनं त्या वेढ्यानं बेडकाचा एक गर्भ हलकेच कलता केला, त्याची हवी ती बाजू वर आणली, आणि तेवढ्यात वेढ्याचं एक टोक मेणापाशी तुटलं आणि पाण्यात सरळ झालं. गर्भ सावकाश पुन्हा आपल्या जागी फिरला. सायोको डोळे भिंगांना लावून तशीच बसून राहिली. समोर बशीत पंधरावीस गर्भ होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे, वरून काळसर, खालून फिकट. आणि त्यांच्यामध्ये तो केस, एका टोकानं अजून मेणात अडकलेला. तिचे हात एरवी हलत नसत. तेवढ्यासाठी ती प्रसिद्ध होती. परगावाहून लोक तिचं काम बघायला यायचे ते त्या हातांसाठी. आता तिनं ते टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते ठीक होते.

"काय झालं, सेन्सेई?" पलीकडच्या टेबलावरून इनाबानं विचारलं. ती सायोकोकडे डॉक्टरेट करत होती आणि तिला गप्प बसवत नसे. "केस तुटला," सायोको म्हणाली. "हात्तिच्या. मी नायलॉनचा करून देते ना, पाच मिनिटांचं काम. हल्ली केस वापरतं कोण?" मग उठून जवळ आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "किती मऊ असेल नाही हा. कुणाचा होता?" सायोको म्हणाली, "एका बाळाचा." इनाबा सरळ झाली आणि आपल्या टेबलाकडे वळली. आपल्या बाई कधी बाळांबद्दल बोलल्याचं तिला आठवत नसावं.

बाळाचं जावळ कधी कापलेलं नसतं, म्हणून त्याचं टोक निमुळतं होत गेलेलं असतं. पुढं आयुष्यभर कापले जाणारे केस टोकाशी बोथट असतात. हे सायोकोला तिच्या गुरूंनी सांगितलं होतं आणि हसत हसत म्हटलं होतं, आमच्या धंद्यातल्या माणसानं एक तरी मूल होऊ द्यावं, हत्यारांची सोय होते. तिला मूल झालं तेव्हा ती ताकाओकाला सासरी राहत होती. कितामोरी लोक पिढ्यान् पिढ्या पितळेचं ओतकाम करणारे. देव्हाऱ्यापुढं ठेवायच्या घंटा, ज्या वाटीसारख्या असतात आणि काठावर छोट्या दांडीनं टोला दिला की बराच वेळ निनादत राहतात, त्या त्यांच्या कारखान्यात व्हायच्या. मूल चार महिन्यांचं झालं तेव्हा सासूबाईंनी न्हाव्याला घरी बोलावलं. जावळाचा कुंचला करून तो लाकडी पेटीत जपून ठेवायचा, मूल मोठं झालं की त्याला द्यायचा, अशी रीत. न्हावी अलगद हातानं केस कापून कागदावर ठेवत होता. तेप्पेई तिच्या मांडीवर होता, न्हाव्याच्या चकचकीत कात्रीकडे टक लावून बघत, खालच्या ओठावर लाळेचा थेंब लोंबत असलेला. सगळं झाल्यावर ती चादर झटकायला गेली आणि चादरीच्या घडीत राहिलेले चारपाच केस तिनं रुमालात बांधून घेतले. चोरी अशी नव्हतीच ती. तरी तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्या केसांचे तिनं वेढे केले. एक-एक करत ते तुटत गेले. एक पहिल्याच वर्षी, एक क्यूशूला असताना, एक कधीतरी तोयामाला परत आल्यावर. दर वेळी तिच्या हत्यारांच्या पेटीत दुसरा होता. आज नव्हता.

आणि तेप्पेई ताकाओकात, इथून वीस मिनिटांवर होता. सगळ्यात न समजणारी गोष्ट ती होती. लोक समुद्रापलीकडे असतात, मरून गेलेले असतात. तो आगगाडीनं वीस मिनिटांवर होता, आणि ती जात नव्हती. तो अडीच वर्षांचा असताना तिला दूर दक्षिणेकडच्या क्यूशूतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तीन वर्षांची. तशी जागा त्या काळी बाईला मिळत नसे, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं. नोरियुकी, तिचा नवरा, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भट्टीवरून यायचा, आंघोळ करायचा आणि तिनं वाढलेलं खाऊन म्हणायचा, तुझं तू ठरव. ठरवलं तेव्हा मूल न्यायचं की ठेवायचं हा प्रश्न उरलाच नाही. रात्रंदिवस प्रयोगशाळेत असणाऱ्या एकट्या बाईनं परक्या गावात मूल कुणाच्या जिवावर सांभाळायचं? पहिलं वर्ष ती महिन्यातून एकदा येत राहिली. तेप्पेई तिला ओळखायला दर वेळी थोडा अधिक वेळ घ्यायचा, आणि ती निघाली की दोन दोन दिवस जेवायचा नाही. मग एकदा स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "सायोको, तू आलीस की त्याचं घर उसवतं. मी शिवत आणलेलं असतं." त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, आणि हातातली शेंग त्यांनी सोलायची थांबवली होती. घटस्फोट झाला की मूल एकाच्याच नावावर राहतं, दुसऱ्यानं बाजूला व्हायचं, असाच कायदा आणि असाच रिवाज. तिनं घटस्फोटाच्या कागदावर शिक्का मारला आणि पुन्हा न येण्याचा शब्द दिला. दोन वर्षांनी नोरियुकीनं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. बाईचं नाव तोशिमी. चांगली आहे, असं सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि सायोकोला त्यानं बरं वाटलं होतं, आणि त्या दिवशी तिनं बशीतले सगळे गर्भ फुकट घालवले होते.

तोयामाला नोकरी मिळून परत आली तेव्हा तो शाळेत जाऊ लागला होता. तेव्हा ती गेली नाही ती शब्द दिला होता म्हणून. पुढं, आता काय सांगायचं ते सुचेना म्हणून. त्याच्याही पुढं न जाण्याला कारण लागेनासं झालं. रोजचं काम मात्र त्याच गोष्टीचं होतं, कोण कुणाजवळ राहिलं की काय होतं याचं. बेडकाच्या कोवळ्या गर्भाच्या माथ्यावरचा टोपीसारखा तुकडा कापून नुसता पाण्यात ठेवला, तर त्याची साधी कातडी होते, गोळा होऊन पडून राहते. तोच तुकडा खालच्या पिवळट भागाला टेकवून ठेवला तर त्याचे स्नायू होतात, पाठीचा दांडा होतो, कधी कधी धडधडणारं काळीजसुद्धा. खालचा भाग त्याला काहीतरी सांगतो. काय सांगतो, किती जोरात, किती लांबून, यावर सायोकोनं आयुष्य घातलं होतं. आणि एक गोष्ट तिला इतर कुणापेक्षाही पक्की ठाऊक होती: तुकडा ऐकतो तो ठरावीक वेळच. काही तासांनी त्याला त्याच जागी टेकवा, सांगणारा तसाच सांगत असतो, पण ऐकणं संपलेलं असतं. ती हे विद्यार्थ्यांना शिकवायची. शिकवताना फळ्याकडे तोंड करायची.

दुपारी तिनं इनाबाला सांगितलं, मी जरा बाहेर जाते. मार्च होता, धड बर्फ नाही आणि धड पाऊस नाही असं काहीतरी पडत होतं, रस्त्यातल्या नळ्यांतून बर्फ वितळवायला सोडलेलं पाणी लालसर गंजाच्या रंगानं वाहत होतं. तिचे बूट भिजले. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण डबाही पिशवीत तसाच आणलाय, कोम्बू या समुद्री शेवाळाच्या चुऱ्यात घोळवलेले दोन भाताचे गोळे. ते तिनं खाल्ले नाहीत. कुठं निघालीस, असं तिनं स्वतःला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती पुढच्या स्टेशनावर उतरली असती.

कितामोरींचं दुकान तिथंच होतं. दाराची लाकडी जाळी नवी बसवली होती. आत घंटा ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांच्यामागं एक बाई फडक्यानं त्यांचे काठ पुसत होती. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"या, या. काय हो ही हवा. काय पडतंय तेच कळत नाही. छत्री तिथं ठेवा, गळू दे," ती म्हणाली. "काय दाखवू?"

"घंटा हवी होती. छोटी."

"घरच्या देव्हाऱ्यासाठी? तळाला नाव कोरून देतो आम्ही. कुठलं घराणं?"

"ओगिनो," सायोको म्हणाली. माहेरचंच नाव; तिला खोटं सुचलंच नाही.

फडकं काठावर थांबलं. घंटेतून बारीकसा सूर निघाला, तोशिमीनं बोट टेकवून तो बंद केला. तिनं वर पाहिलं, घाईनं नाही. एकदा चेहऱ्याकडे, एकदा भिजलेल्या बुटांकडे. मग आतल्या बाजूला तोंड करून ती रोजच्यासारख्याच आवाजात म्हणाली, "तेप्पेई, जरा बाहेर येतोस का? ओगिनोसान आल्यात." आणि सायोकोला म्हणाली, "चहा पाठवते. बसा ना, उभ्या का?" आणि आत गेली. ती नंतर बाहेर आली नाही. चहा आला तो एका कामगाराच्या हातून, दोन कप.

तो बाहेर आला हात पुसत. उंच होता. इतका उंच असेल असं तिनं कधी धरलंच नव्हतं. मनातल्या मनात ती त्याला दर वर्षी थोडा थोडा वाढवत आली होती, पण कुठंतरी तिचा हात आखडला होता. कपाळावर भट्टीच्या काजळीचा फराटा. वाकून त्यानं नमस्कार केला, गिऱ्हाईकाला करतात तसा, आणि तीन घंटा तिच्यापुढं मांडल्या. पहिलीवर टोला दिला. दोघंही ऐकत उभी राहिली. सूर लांबत गेला, तो संपला कधी ते कळलं नाही.

"ही जरा उघडी बोलते," तो म्हणाला. "ही दुसरी खालच्या सुरात आहे. म्हाताऱ्या माणसांना ही आवडते. कुणासाठी हवी तुम्हाला?"

"वडिलांसाठी. गेल्या हिवाळ्यात गेले."

त्यानं दुसऱ्या घंटेवर टोला द्यायला उचललेली दांडी खाली ठेवली. "म्हणजे माझे आजोबा," तो म्हणाला.

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मला ठाऊकच नव्हतं, ते इतकी वर्षं होते."

"ते विचारायचे तुमच्याबद्दल."

"काय विचारायचे?"

"उंची किती झाली असेल, एवढंच. ते शिंपी होते."

तो हसला, आणि हसताना त्याचा एक खांदा किंचित वर गेला. तिच्या वडिलांचा असाच जायचा. त्याला हे कुणी दाखवलेलं नव्हतं. बघायला तो त्या घरी कधी गेलाच नव्हता. सायोकोनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"शाळेत निबंध होता," तो म्हणाला, "आई काय करते. मी लिहिलं, दुकान सांभाळते. खरंच होतं ते. मग घरी येऊन आजीला विचारलं, आणि ती दुसरी काय करते? आजी म्हणाली, बेडकाची अंडी बघते. मला वाटलं, शिव्या देतेय."

"नाही, खरं सांगितलं त्यांनी."

"ते नंतर कळलं. आजी तुम्हाला कधी वाईट बोलली नाही. जाताना मात्र म्हणाली, तिला बोलवायला हवं होतं." तो घंटांकडे बघत बोलत होता. "चार वर्षं झाली तिला. आम्ही कळवलं नाही तुम्हाला. कोण कळवणार, असं करत राहिलं ते."

बाहेरून ट्राम गेली, घंटा आपोआप हलक्याशा वाजल्या. सायोकोला वाटलं आता उठावं, एवढं पुष्कळ झालं, इतकं घेऊन जाता येईल. पण त्यानं विचारलं, "काय बघता तुम्ही त्या अंड्यांत?" आणि तो खरोखरच विचारत होता, वेळ काढायला नाही, त्याचे डोळे बारीक झाले होते. म्हणून तिनं सांगितलं. अंड्याच्या पेशी सुरुवातीला जवळपास सारख्याच असतात, कोण डोळा होणार, कोण पाठ, ते पुरतं ठरलेलं नसतं. मग एका बाजूला चंद्रकोरीसारखी खाच पडते, बाहेरच्या पेशी तिथून आत शिरतात. त्या खाचेच्या वरच्या ओठातला तुकडा उचलून दुसऱ्या गर्भाच्या पोटावर लावला, तर तिथं दुसरं डोकं येतं, दुसरी पाठ येते. पोटाला पोट चिकटलेली जुळी. आणि त्या दुसऱ्यातला बराचसा भाग लावलेल्या तुकड्याचा नसतो, तिथल्याच पेशींचा असतो. तुकडा फक्त सांगतो, तुम्ही पोट नाही, तुम्ही पाठ व्हा. आणि त्या होतात.

"ऐकतात?"

"ऐकतात."

"आणि सांगणारा काढून टाकला तर?"

तिला हा प्रश्न सभांमधून कित्येकांनी विचारला होता. "कधी काढला त्यावर आहे," ती म्हणाली.

"समजा, थोडं सांगून झाल्यावर."

"मग जेवढं ऐकलं तेवढं राहतं. ते पुसत नाही. पुढचं शेजारचे सांगतात."

"म्हणजे शेजारचेही सांगतात."

"सगळेच सांगतात. एकट्याच्यानं होत नाही ते."

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज होत होता, जरा जास्तच मोठ्यानं, कुणीतरी ऐकत नसल्याचं दाखवावं तसा. "मी काही बेडूक नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा तो खांदा वर गेला. मग त्यानं विचारलं, "ती खाच पडताना दिसते का? नुसतं बसून बघितलं तर?"

"दिसते. बराच वेळ बसावं लागतं."

"भट्टीपाशी तेच तर करतो आम्ही. रविवारी येऊ? दुपारी?"

"या ना," ती म्हणाली आणि प्रयोगशाळेचा पत्ता लिहून दिला.

घंटा तिनं खालच्या सुराची घेतली.

शनिवारी दिवसभर तिनं अंडी काढली, फलित केली आणि बश्या वेगवेगळ्या थंडपणाच्या पेट्यांत ठेवल्या. थंडीत गर्भ सावकाश वाढतात. काही लवकर त्या टप्प्यावर येतील, काही उशिरा; तो कधीही आला तरी एक तरी बशी तयार असावी. इनाबाला तिनं काही सांगितलं नव्हतं, आणि रविवारी ती आलीही नाही. दुपार झाली. पहिल्या बशीतल्या गर्भांवर खाच पडली, ओठ उमटला, गोल होत गेला, मिटायला आला. सायोको खिडकीशी गेली, परत आली. दुसऱ्या बशीचीही वेळ झाली आणि गेली. तिनं केस विंचरले होते ते पुन्हा विंचरले. आज ओतकाम निघालं असेल. ओतकाम निघालं की भट्टी सोडून येता येत नाही, हे तिला त्या घरात तीन वर्षं राहिल्यामुळं माहीत होतं. नसेल यायचं, असंही तिला माहीत होतं. दुकानात समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही, घरी गेल्यावर म्हणवतं. तोशिमीनं काही म्हटलं असेल का? नाही म्हटलं असणार. ती ज्या प्रकारे आत गेली होती, ते आठवून सायोकोला त्या बाईचा हेवा वाटला, आतापर्यंत वाटला नव्हता इतका. तोशिमीला पंचवीस वर्षं दर संध्याकाळी त्याला हाक मारता आली होती, जरा बाहेर येतोस का, अशी, सहज, वर न बघता. सायोकोनं तिसरी बशी भिंगाखाली घेतली. तिचं तिलाच कळलं की आपण गर्भ बघत नाही आहोत, जिन्याकडे कान लावून आहोत.

उजेड उतरायला लागला तेव्हा दार वाजलं. तो दारातच उभा होता, केस ओले, हातात फडक्यात बांधलेला डबा. "साचा फुटला," तो म्हणाला. "पुन्हा ओतावं लागलं. आईनं हे दिलंय, होतारुइकाची इवली माकुळं आहेत, आंबट मिसोच्या चटणीतली. म्हणाली, तुम्ही जेवला नसाल." आई म्हणताना तो अडखळला नाही, आणि सायोकोनं डबा घेतला. गरम नव्हता, पण त्याच्या हाताची ऊब फडक्याला होती.

"उशीर झाला ना? होऊन गेलं असेल सगळं."

"बहुतेकांचं झालं," ती म्हणाली. "एक बशी राहिली आहे. अगदी थंड पेटीतली. ती वाढीत मागं आहे."

तिनं ती बशी आणली, भिंगाखाली ठेवली, त्याच्या डोळ्यांच्या मापानं भिंगं जुळवायला सांगितलं. तो वाकला. उंच असल्यामुळं त्याला पाय फाकवून बसावं लागलं. सायोको मागं उभी राहिली, एका हाताच्या अंतरावर, तिथून पुढं सरकली नाही. बराच वेळ तो बघत राहिला. एवढा वेळ गप्प बसून बघणारं माणूस तिनं इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं होतं. विद्यार्थी बघतात, हो हो म्हणतात आणि उठतात.

"एक आहे इथं," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर ते थांबेल. "कडेला. आधी नव्हतं. एक रेघ उमटलीये."

"तोच ओठ."

"यातलं सांगणारं कुठलं आणि ऐकणारं कुठलं?"

"नुसतं बघून ते कळत नाही."

तो हलला नाही. बाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप लावत होतं. दिवा लावायला हवा होता, पण दिव्याचं बटण त्याच्या पलीकडे होतं.

"मी अजून थोडा वेळ बघू का?" त्यानं डोळे न उचलता विचारलं.

"बघ," ती म्हणाली.